मुलाचा ताबा आणि शाळेची जोखीम

सोलापुरातील मुलांच्या जिवाची काळजी सरकारी कायद्याने प्रथम वाहिली ती गिरणीच्या दारात, शाळेच्या दारात नव्हे, ही गोष्ट आज अनेकांस नवलाची वाटेल. मोरारजी गोकुळदासांच्या पुढाकाराने १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी सुरू झाली, पुढे तिला जुनी गिरणी हे नाव पडले आणि तिच्या भोंग्यावर गावाची उठबस ठरू लागली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८१ साली, हिंदुस्थानातील पहिला कारखान्यांचा कायदा मंजूर झाला. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे जेथे राबत अशा कारखान्यांना तो लागू असे. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे असावेत, अशा त्याच्या मुख्य तरतुदी होत्या. त्या आज वाचताना कायद्याबद्दल आदर वाटण्याऐवजी त्या काळाबद्दल संतापच येतो. पुढे १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि १९२२ साली बारा झाले. परंतु त्या तुटपुंज्या कायद्यातही एक तत्त्व कागदावर आले होते, आणि ते असे की, मूल ज्याच्या आवारात व ज्याच्या हुकमाखाली आहे, त्याच्यावर त्या मुलाच्या जिवाची जोखीम आहे. यंत्रात हात सापडल्यावर पोराने नीट पाहायला हवे होते एवढे बोलून मालकाला मोकळे होता येऊ नये.

हेच तत्त्व आज शाळेला लागू आहे, आणि शाळेतील विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी जे नाना कायदे, नियम, शासननिर्णय व न्यायालयांचे निवाडे गेल्या काही दशकांत झाले, ते सारे या एका तत्त्वाचेच विस्तार आहेत, असे लक्षात घेतले म्हणजे त्या कागदांच्या रानात वाट चुकत नाही. सकाळी आई मुलाला फाटकाशी सोडते, शिपाई फाटक लावून घेतो, आणि त्या क्षणी मुलाचा ताबा बदलतो. पुढचे पाच-सहा तास ते मूल कोठे बसेल, काय खाईल, कोणत्या जिन्याने उतरेल, कोणाबरोबर एकटे राहील, हे ठरविण्याचा अधिकार आईबापांकडे उरत नाही. तो शाळेकडे जातो. कायद्याचे म्हणणे इतकेच की, अधिकार घेतला त्याने त्याच्या बरोबरीची जोखीमही घेतली.

ही जोखीम कोठवर, याचे माप इंग्लंडातील एका जुन्या खटल्याने घालून दिले. तेथील एका शाळेत काचेच्या रोपघरात फॉस्फरसची बाटली ठेवलेली होती. ती एका मुलाच्या हाती लागली, त्याने तिच्याशी खेळ मांडला, स्फोट झाला आणि दुसराच मुलगा भाजला. १८९३ साली हे प्रकरण अपील न्यायालयात आले तेव्हा लॉर्ड इशर यांनी असा निकष सांगितला की, दक्ष पिता आपल्या मुलांची जितकी काळजी घेईल तितकी शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांची घेतली पाहिजे. मुलांचा स्वभाव खोडकर असतो हे बापाला ठाऊक असते, म्हणून तो बाटली कुलपात ठेवतो. शिक्षकालाही ते ठाऊक असलेच पाहिजे, आणि म्हणूनच मुलाने आगळीक केली ही सबब शाळेच्या उपयोगी पडत नाही. अर्थात शाळा ही विमा कंपनी नव्हे. मैदानावर धावताना मूल पडले आणि त्याचे ढोपर फुटले, तर त्यात कोणाची कसूर नसते. प्रश्न एवढाच विचारला जातो की, जे घडले ते घडू शकेल हे समंजस माणसाला आधी दिसले असते की नाही, आणि दिसले असते तर त्याची तजवीज का झाली नाही. यात माझ्या मते एक भर घातली पाहिजे. बाप दोन-तीन मुलांचा विचार करतो. शिक्षकापुढे पन्नास-साठ मुले असतात आणि गर्दी हाच स्वतंत्र धोका असतो. घरातल्या ज्या जिन्यावर दोन मुले सहज उतरतात, त्याच रुंदीच्या जिन्यावर शाळा सुटण्याच्या घंटेला चार वर्ग एकदम लोटले, तर त्या जिन्याचा स्वभावच बदलतो. म्हणून शाळेची दक्षता बापाच्या दक्षतेहून काही अंशी अधिकच असावी लागते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व २००१ साली एका अत्यंत दुःखद प्रकरणात निःसंदिग्धपणे लागू केले. पठाणकोटजवळील एका शाळेची सहल मे १९९५ मध्ये बियास नदीच्या काठी गेली असता चौदा मुले बुडून मरण पावली. उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सोबत गेलेल्या शिक्षकांच्या हयगयीचा भार संस्थेने उचलला पाहिजे, कारण शिक्षक मुलांना नदीवर घेऊन गेले ते स्वतःच्या हौसेखातर गेले नव्हते, शाळेचे नोकर म्हणून गेले होते, असा त्या निर्णयाचा आशय होता. सोलापूरच्या शाळांना हे दूरचे उदाहरण वाटण्याचे कारण नाही. येथील सहली पंढरपुरास जातात आणि चंद्रभागेच्या वाळवंटात उतरतात, उजनीच्या जलाशयाकाठी डबे सोडतात. शहरातच सिद्धेश्वर तलाव आहे, कंबर तलाव आहे. पाणी दिसताच मुलाचे पाय तिकडे वळतात, हे न कळण्याइतका अजाण शिक्षक कोणी नसेल. सहलीपूर्वी पालकांकडून जे संमतिपत्र लिहून घेतले जाते त्याचा अर्थही येथे नीट समजून घ्यावा: ती मुलाला सहलीस नेण्याची परवानगी आहे, हयगय करण्याची नव्हे. आणि हयगयीमुळे एखाद्याचा मृत्यू ओढवला, तर भरपाईचा दिवाणी प्रश्न बाजूला राहून भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते.

इमारतीच्या बाबतीत आपल्या देशाला जाग आली ती तमिळनाडूतील कुंभकोणमच्या आगीने. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली, आणि बाहेर पडण्यास पुरेशी वाट नसल्याने ९४ मुले होरपळून मेली. या घटनेवरून दाखल झालेल्या लोकहित याचिकेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली असे ठरविले की, घटनेने दिलेला शिक्षणाचा हक्क म्हणजे सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क होय. शाळांच्या इमारती राष्ट्रीय बांधकाम संहितेला धरून असाव्यात, आग विझविण्याची साधने तेथे असावीत आणि ती चालविण्याचे शिक्षण शिक्षक व कर्मचारी यांना मिळालेले असावे. हे शेवटचे कलमच बहुधा विसरले जाते. लाल नळकांडे भिंतीवर टांगलेले असते, त्याची मुदत केव्हाच सरलेली असते, आणि त्याची पिन कोणत्या बाजूस ओढायची हे विचारले तर सगळे शिपायाकडे पाहतात व शिपाई मुख्याध्यापकांकडे. महाराष्ट्रात आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ सालचा स्वतंत्र अधिनियम आहे. अशा साधनांची जबाबदारी तो इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकतो आणि ती चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक यंत्रणेकडून घेऊन दर वर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावयास सांगतो. सोलापूरच्या जुन्या पेठांत जेथे अरुंद जिन्याच्या दुमजली इमारतीत वर्ग भरतात, तेथे या दाखल्याची किंमत कागदाहून फार मोठी आहे. भूकंपाची गोष्टही येथे परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस झालेल्या भूकंपाचे हादरे या जिल्ह्यानेही सोसले. दगडमातीच्या जड भिंती आणि त्यांवरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. वेळ पहाटेची होती म्हणून शाळा तेवढ्या रिकाम्या होत्या, आणि हा केवळ घड्याळाचा उपकार होता.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ सालचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, तेव्हा त्याच्या अनुसूचीने शाळा म्हणजे किमान काय, याची यादीच घालून दिली: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, आवाराला भिंत किंवा कुंपण, अपंग मुलांनाही विनाअडथळा आत येता येईल अशी रचना. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, शाळा सकाळच्या होतात, आणि पाण्याची टाकी कोरडी पडली तर त्या दिवशी मुलाला पाणी मिळत नाही ही नुसती गैरसोय राहत नाही. स्वच्छतागृहाचेही तसेच. ते घाण असते, अंधारे असते, कडी मोडलेली असते, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात त्याचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर होतो. शिवाय आवाराच्या टोकाला, कोणाची नजर नसलेल्या जागी बांधलेले स्वच्छतागृह हा आणखी वेगळ्याच धोक्याचा पत्ता असतो.

याच अधिनियमाच्या १७व्या कलमाने छडीला रजा दिली. कोणत्याही बालकास शारीरिक शिक्षा करू नये आणि त्याचा मानसिक छळ करू नये, असे ते कलम म्हणते, आणि जो शिक्षक तसे करील त्याच्यावर सेवानियमांनुसार कारवाई करावयास सांगते. मानसिक छळ हे शब्द तेथे मुद्दाम घातलेले आहेत. फी थकली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, आईबापांच्या धंद्यावरून किंवा जातीवरून टोमणे मारणे, नापास मुलाची सर्व वर्गासमोर टिंगल करणे, यांचा वळ अंगावर उठत नाही, म्हणून त्याची दखल पूर्वी कोणी घेत नसे. बालन्याय अधिनियम, २०१५ याचे ७५वे कलम तर आणखी पुढे जाते: ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात मूल आहे त्याने मुलास मारहाण केली, किंवा त्यास अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील अशी जाणूनबुजून हेळसांड केली, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. ताबा आणि जोखीम यांची जोडी येथेही कायद्याच्या शब्दांतच दिसते. आमच्या वेळी मास्तर मारीत आणि आम्ही घडलो, असे सांगणारे वडीलधारे सोलापुरात घरोघर भेटतात. त्यांच्यापैकी जे मारामुळे शाळाच सोडून मागावर किंवा विडीच्या सुपाशी बसले, त्यांची साक्ष मात्र या वादात कोणी काढीत नाही.

शाळेची जोखीम फाटकाशी संपते का, हा प्रश्न पालकांच्या फार जिव्हाळ्याचा आहे. शाळेने स्वतःची किंवा कंत्राटाची बस ठेवली असेल तर उत्तर स्पष्ट आहे: महाराष्ट्रातील स्कूल बसविषयीच्या २०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तीत पालकांबरोबर वाहतूक पोलीस व मोटार वाहन खात्याचे प्रतिनिधी असावेत, बसमध्ये मदतनीस असावा आणि मुली असतील तर ती स्त्री असावी, असे ठरविले आहे. खरी अडचण आहे ती एमएच १३ अशी पाटी मिरविणाऱ्या त्या तीन चाकी रिक्षांची, ज्यांच्या मागच्या फळीवर आणि चालकाच्या दोन्ही बाजूंना मुले बसतात व ज्यांच्या बाहेर दप्तरे लोंबत असतात. ही रिक्षा पालकांनी लावलेली असते, म्हणून शाळा हात झटकते. भाडे परवडत नाही, म्हणून पालक डोळेझाक करतात. कुंभारीकडच्या कामगार वसाहतींतून किंवा अक्कलकोट रस्त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून शहरात येणाऱ्या मुलाच्या घरी दुसरा पर्यायही नसतो. तरीही फाटकासमोर किती रिक्षा उभ्या राहतात, कोणत्या मुलाला कोण नेतो, ठरलेला माणूस न येता दुसराच आला तर मूल त्याच्या हवाली करायचे की नाही, एवढी नोंद ठेवणे शाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि होम मैदानावर गड्डा भरतो, तेव्हा तर वाटेवरच्या शाळांनी सुटण्याची वेळ व रस्ता आधीच ठरवून पालकांना कळविणे हे दक्षतेचे पहिले लक्षण होय.

आहाराची कथा थोडक्यात सांगता येईल. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. ज्या तेलात भाजी झाली त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. पाककौशल्याची उणीव तेथे नव्हती, भांडारावर नजर नव्हती. म्हणूनच २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनी, जेवण मुलांच्या ताटात पडण्यापूर्वी दोन-तीन प्रौढांनी, आणि त्यांत एका शिक्षकाने तरी, ते चाखून पाहावे असा दंडक घातला. आपल्याकडे चव नोंदवही असते. तीत खिचडी उत्तम असा शेरा महिनाभर एकाच अक्षरात, एकाच शाईत आणि उघडच एकाच बैठकीत लिहिलेला आढळला, तर त्या शाळेच्या बाकीच्या नोंदवह्याही तपासणाऱ्याने काळजीपूर्वक उघडाव्यात.

आता ज्या विषयावर बोलताना समाजाची जीभ जड होते आणि म्हणूनच ज्यावर अधिक थांबले पाहिजे, त्याकडे वळू. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्यास सर्वजण पॉक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो लागू होतो, आणि शैक्षणिक संस्थेतील माणसाने तेथल्याच मुलावर अत्याचार केला तर तो अधिक गंभीर प्रकारचा अपराध मानतो. परंतु शाळांच्या दृष्टीने त्याचे सर्वांत दूरगामी कलम १९वे आहे. असा अपराध घडल्याचे ज्यास समजले, किंवा घडेल अशी ज्यास धास्ती वाटली, त्या प्रत्येक माणसाने ते बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास २१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला, तर ती एक वर्षापर्यंत आहे व वर दंडही आहे. सद्भावनेने कळविणाऱ्याला मात्र कायद्याने पूर्ण अभय दिले आहे. याचा अर्थ असा की, आधी आपण चौकशी करू, खरे-खोटे पाहू, मग पोलिसांकडे जाऊ, हा मार्ग शाळेला मोकळा ठेवलेला नाही. खरे-खोटे पाहण्याचे काम तपासी अंमलदाराचे व न्यायालयाचे. शाळेचे काम कळविण्याचे. चौकशीच्या नावाखाली मुलाला चार वेळा चार जणांपुढे उभे करून तीच हकीकत वदवून घेणे ही त्या मुलाला दुसऱ्यांदा दिलेली इजा ठरते. कायद्याने पोलिसांवरसुद्धा अशी बंधने घातली आहेत की, मुलाचा जबाब शक्यतो स्त्री अंमलदाराने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्यास सोयीच्या ठिकाणी नोंदवावा आणि चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला खबर द्यावी. मुलाचे नाव, घर, शाळा, ज्यावरून ते ओळखू येईल असे काहीही वर्तमानपत्रांनी छापू नये, हाही नियम त्यातलाच आहे.

या कलमाची धार महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांनी दाखविली. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले; त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांनी माहिती असून ती कळविली नाही, असा आरोप झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला होता; पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि अशी माहिती दडविणे हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा आहे, तो बहुधा अपराध्याला पाठीशी घालण्यासाठीच होतो, असे सुनावले. दुसरे प्रकरण ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरचे. शिशुवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली, फिर्याद नोंदविण्यास झालेला विलंब लोकांना असह्य झाला, आणि २० ऑगस्टला संतप्त जमावाने रेल्वेमार्ग तासन् तास रोखून धरला. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही वेळेत न कळविल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, आणि राज्य शासनाने २१ ऑगस्टच्या शासननिर्णयाने सर्व शाळांना बजावले की, महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत व मुख्याध्यापकांनी त्यांतील चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासावे, प्रत्येक कर्मचाऱ्याची चारित्र्यपडताळणी पोलिसांकडून करून घ्यावी, तक्रारपेटी लावावी, सखी सावित्री समिती कामाला लावावी आणि अनुचित प्रकार घडल्यास चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. यांतील पुष्कळसे हुकूम नवीन नव्हते. सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा होता, आणि मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या नोकरांची पडताळणी पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतच होती.

मग उणीव कोठे राहते? माझ्या समजुतीप्रमाणे ती दोन ठिकाणी राहते. पहिली संस्थेच्या लौकिकात. आपल्याकडे शाळा ही संस्थापकांच्या त्यागावर, देणगीदारांच्या नावावर आणि माजी विद्यार्थ्यांच्या अभिमानावर उभी असते; हे सारे खरोखर आदरणीय आहे, परंतु नेमके यामुळेच काही विपरीत घडले की पहिला विचार शाळेचे नाव वाचविण्याचा येतो. कायद्याने येथे तराजूचे पारडे जाणीवपूर्वक दुसरीकडे झुकविले आहे: मुलाची सुरक्षितता आणि संस्थेचे नाव यांत निवड करण्याची वेळ आली तर नाव राखणाऱ्यास तुरुंग दाखविला आहे. आणि व्यवहार पाहिला तरी, ज्या शाळेने स्वतः होऊन पोलिसांना कळविले तिचे नाव गेले असे सहसा होत नाही. नाव जाते ते दडविल्याचे उघडकीस आल्यावर.

दुसरी उणीव भाषेत व वेळेत आहे, आणि ती खास सोलापूरची आहे. या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषा घराघरांत बोलल्या जातात आणि त्या माध्यमांच्या शाळाही आहेत. पूर्व भागातील तेलुगू घरातली मुलगी मराठी शाळेत शिकत असेल, तर वर्गातले उत्तर ती मराठीत देईल, पण भीती वाटली म्हणजे ती तिच्या आईच्या भाषेतच सांगणार. तक्रारपेटीवरची सूचना फक्त शासकीय मराठीत असेल, ती पेटी कार्यालयाच्या दाराशीच टांगलेली असेल, आणि तिची किल्ली कोणाकडे हे कोणालाच माहीत नसेल, तर पेटी भिंतीची शोभा होऊन राहते. ती कोणी, कोणत्या वारी आणि कोणासमोर उघडायची, हे ठरवून फळ्यावर लिहिले म्हणजेच ती पेटी. शाळा व्यवस्थापन समितीचेही असेच आहे. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक ठेवले आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. परंतु सभा भरते सकाळी अकराला, आणि तेव्हा विडीकामगार आई वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याच्या ओळीत उभी असते, बाप यंत्रमागावर असतो. सभेच्या नोंदवहीत सही मात्र मागाहून घरी जाऊन घेतली जाते. सभा संध्याकाळी भरवावी, इतिवृत्त वाचून दाखवावे, ज्या पालकांस लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत टिपावे, याला पैसा लागत नाही.

पालकाने स्वतः काय करावे, हेही सांगितले पाहिजे. जूनमध्ये शाळा सुरू होताना फीच्या पावतीइतकीच आस्थेने त्याने काही विचारणा करावी: आग विझविण्याच्या साधनांचा जुलैचा दाखला येणार की नाही, परिवहन समितीत पालकांतर्फे कोण आहे, पेटी कोणत्या वारी उघडते, कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली का, मूल पहिल्या तासाला गैरहजर दिसले तर घरी फोन किती वाजेपर्यंत येतो. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपट खरा आहे की नाही ते सांगून जाते. उत्तर मिळाले नाही तर तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. महानगरपालिकेच्या शाळांसाठी प्राथमिक शिक्षण मंडळाचे प्रशासनाधिकारी, ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकारी व त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी ही दाद मागण्याची ठिकाणे होत. शिक्षण हक्क अधिनियमाच्या ३२व्या कलमाने अशा तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत देण्याचे बंधन स्थानिक प्राधिकरणावर घातले आहे, व त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. मात्र गुन्ह्याची खबर या शिडीने चढवीत न्यायची नसते. ती थेट पोलीस ठाण्यात द्यावयाची, आणि संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस आहे.

कायदा सर्वत्र एकच काम करतो: तो जबाबदारीला माणूस नेमून देतो. बसची जबाबदारी परिवहन समितीच्या अध्यक्षाची, आगीच्या दाखल्याची भोगवटादाराची, ताटातल्या घासाची चव घेणाऱ्याची, गुन्हा कळविण्याची ज्यास कळला त्याची. जी गोष्ट सर्वांची म्हणून सोडली जाते ती प्रत्यक्षात कोणाचीच नसते, हा अनुभव गिरणीच्या मालकांनी आणि मुकादमांनी एकमेकांकडे बोट दाखवून एकेकाळी पुरेपूर दिला आहे. शाळांतही जेथे प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव लिहिलेले असते आणि ते नाव पालकांना ठाऊक असते, तेथे बहुतेक अपघात घडण्यापूर्वीच कोणीतरी उठून कडी दुरुस्त करतो, जिन्यावर उभा राहतो किंवा फोन लावतो. आणि जेथे ते लिहिलेले नसते, तेथे दुर्घटनेनंतर नेमलेल्या चौकशी समितीला ते नाव शोधण्यातच आपली मुदत घालवावी लागते.